हसू आवरून हसविणारा नट
(दामुअण्णा मालवणकर यांच्या चित्रपटीय कारकिर्दीवरील पुस्तकाची प्रस्तावना)

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्यरसाचे विवरण करताना त्याचे दोन भेद सांगितले आहेत : मनुष्य स्वतः हसतो तेव्हा ते हास्य आत्मस्थ होय आणि तो दुसऱ्यास हसवितो तेव्हा ते परस्थ होय. पुढे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या मांडून कोणते हसू उत्तम प्रकृतीच्या माणसास शोभते, कोणते मध्यमास आणि कोणते अधमास, याची वाटणीही त्यांनी करून ठेवली आहे. आपल्याकडील विनोदी नटांनी या दोन भेदांची बहुधा सरमिसळच केली. प्रेक्षकांस हसवावयाचे तर आधी आपण मिस्कील चेहरा करावा, वाक्य टाकून झाल्यावर पिटाकडे नजर फेकावी, टाळी पडली की तीच लकब पुन्हा करून दाखवावी, हा आपल्या रंगभूमीवरचा जुना शिरस्ता होता व अद्याप तो पुरता मोडलेला नाही. अशा या मुलखात एक नट असा होऊन गेला की, ज्याने आत्मस्थ हास्य आपल्या मुद्रेवरून जवळजवळ बरखास्त केले, आपण काही विनोदी करीत आहोत याची दादही स्वतःला लागू दिली नाही, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ज्याच्या नुसत्या पाहण्याने चित्रगृहात हशा उसळत असे. दामुअण्णा मालवणकर हे त्या नटाचे नाव. आणि त्यांच्या कारकिर्दीतील मोजक्या परंतु मोलाच्या भूमिकांचा विचार पुढील प्रकरणांत केलेला आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासात दोन दामुअण्णा आहेत. एक बालमोहन नाटक मंडळीचे चालक दामुअण्णा जोशी, ज्यांच्या मंडळीने आचार्य अत्र्यांची नाटके गाजविली व जे स्वतः पुढे ‘श्यामची आई’ या चित्रपटात दिसले; आणि दुसरे हे मालवणकर. दोघांचाही अत्र्यांच्या लेखणीशी संबंध आल्यामुळे पुढल्या पिढीतील वाचकांच्या मनात त्यांची गल्लत होते, ती येथेच निवारलेली बरी.

हे पुस्तक माधवनगरसारख्या ठिकाणी बसून लिहिले जावे यात वरवर पाहता काही संगती दिसणार नाही. बुधगावच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वसलेली ही पेठ. येथील वर्दळ व्यापाराची, अडतीची आणि गिरणीची. नाटकाचा मान शेजारच्या सांगलीचा. तथापि दामुअण्णांनी जी माणसे पडद्यावर उभी केली त्यांचा गोतावळा कोठे शोधावयाचा, असा प्रश्न पडला की अशा पेठांकडेच वळावे लागते. रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसविण्यात हयात घालविणारा दिवाणजी, वरिष्ठांचा हुकूम समजला नाही तरी ‘होय साहेब’ म्हणून बाहेर पडणारा कारकून, अर्जावर अर्ज करूनही ज्याची दरखास्त कधी निकालात निघत नाही असा भिडस्त गृहस्थ : ही सारी मंडळी येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहेत. त्यांच्या जीवनात विनोद भरपूर आहे. परंतु तो त्यांना स्वतःला ठाऊक नसतो. दामुअण्णांच्या कलेचे मर्म या शेवटल्या गोष्टीत आहे.

आपण हास्यास्पद आहोत याची गंधवार्ता नसलेले पात्र मराठी नाटकात प्रथम सर्वांगाने अवतरले तेही याच परिसरातील एका लेखकाच्या हातून. 1843 साली सांगलीस श्रीमंत आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हा त्यांच्या खेळांत विदूषक होता. पण तो सूत्रधाराशी थट्टा करणारा, आपल्या विदूषकपणाची पक्की जाण असलेला विदूषक होता. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी मात्र फाल्गुनराव निर्माण केला, आणि विनोदाचा पायाच बदलला. मूळ मोलिएरचे, इंग्रजी रूपांतराच्या वाटेने आलेले ते कथानक देवलांनी प्रथम ‘तसबिरीचा घोटाळा’ म्हणून गद्यात मांडले व पुढे ‘संशयकल्लोळ’ या नावाने संगीतात बांधले. 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले, आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. या फाल्गुनरावाची व्यथा त्याच्या दृष्टीने प्राणांतिक आहे. बायकोवरचा त्याचा संशय त्याला झोपू देत नाही. प्रेक्षक मुरकुंडी वळेपर्यंत हसतो तो याच कारणाने की, फाल्गुनराव स्वतः एकदाही हसत नाही. गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तील कामण्णाही विनोदी पात्र खरे, आणि बळवंत संगीत मंडळीच्या दिनकर ढेऱ्यांनी ते इतके लोकप्रिय केले की लोक त्यांना दिनकर कामण्णा याच नावाने ओळखू लागले, परंतु कामण्णाच्या विनोदात शब्दांची आतषबाजी अधिक आणि फाल्गुनरावाच्या विनोदात स्वभावाची अगतिकता अधिक, हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे दामुअण्णा कोणत्या घराण्यातले, हे कळावयास वेळ लागत नाही.

दामोदर बापूशेट मालवणकर यांचा जन्म 1893 साली निपाणीस झाला, आणि 1975 साली कोल्हापुरास त्यांचे निधन झाले. या ब्याऐंशी वर्षांच्या आयुष्याचा पूर्वार्ध नाटक मंडळ्यांच्या उत्कर्षात व त्यांच्या पडझडीत गेला. बोलपट आला तेव्हा त्यांची चाळिशी जवळ आली होती. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली कोल्हापुरात तयार झाला, आणि त्यापुढील चार-दोन वर्षांत ज्या मंडळ्यांचे मुक्काम गावोगाव महिनामहिना पडत त्यांच्या पेट्या गोदामांत जमा होऊ लागल्या. नटांपुढे पडदा हाच एक मार्ग उरला. सांगलीस बिऱ्हाड केलेल्या मास्टर दीनानाथांनीही चित्रपटनिर्मितीचे धाडस केले व त्यात ते कर्जबाजारी झाले. कोल्हापूरचे दैव मात्र अद्याप फिरलेले नव्हते. प्रभात 1933 साली पुण्यास गेली तरी मागे राहिलेल्या कलावंतांच्या व तंत्रज्ञांच्या बळावर तेथे नव्या संस्था उभ्या राहिल्या. 1936 साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी स्थापन केलेली हंस पिक्चर्स ही त्यांपैकी प्रमुख. खांडेकरांच्या ‘छाया’ने या संस्थेची सुरुवात झाली, पण तिचा खरा सूर सापडला तो अत्र्यांच्या विनोदी कथांत. ‘ब्रह्मचारी’ 1938 साली आला, आणि त्यात विनायक व मीनाक्षी या जोडीच्या भोवती जी विनोदी नटांची फळी उभी राहिली तीत विष्णुपंत जोग, साळवी आणि दामुअण्णा हे होते.

येथे क्षणभर सातासमुद्रापलीकडे पाहणे उपयोगाचे होईल. कारण हास्याचा हा प्रकार ज्या काळी आपल्या पडद्यावर आला त्याच्या थोडे आधी अमेरिकेत हॉलीवूडच्या विनोदपटांनी त्याला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली होती. बस्टर कीटन हा कान्सास राज्यात 1895 साली जन्मलेला नट बालपणापासून आईबापांच्या बरोबर रंगमंचावर वावरला. बाप त्याला उचलून फेकी, आणि आपण पडल्यावर हसलो तर प्रेक्षक हसत नाहीत, न हसलो तर हसतात, हा हिशेब तो लहानपणीच शिकला. ‘द जनरल’सारख्या त्याच्या मूकपटांत आगगाड्या कोसळतात, ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये घराची भिंतच्या भिंत अंगावर येते, आणि त्याची मुद्रा मात्र कोऱ्या स्टँपपेपरासारखी राहते. बोलपटांत हेच काम दुय्यम भूमिकांतून नेड स्पार्क्स या कॅनडात जन्मलेल्या चरित्रनटाने केले : रुंद कपाळ, तोंडाच्या एका कोपऱ्यात चिरूट, नाकात बोललेली कडवट वाक्ये, आणि ओठांवर हसू कधी नाही. ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’, ‘लेडी फॉर अ डे’ इत्यादी 1933 च्या चित्रपटांत नायक-नायिका कितीही नाचोत वा रडोत, स्पार्क्सचे एक रुक्ष वाक्य सारी मजा घेऊन जाई. तिसरा नट बेन टर्पिन. हा तिरळा होता, आणि मॅक सेनेटच्या विनोदपटांनी त्याच्या तिरळेपणालाच नायकत्व दिले. व्हॅलेंटिनोच्या गाजलेल्या प्रणयपटाचे विडंबन करताना त्याला शेखाचा वेष चढविला तेव्हा त्याच्या दोन दिशांना जाणाऱ्या डोळ्यांपुढे वाळवंटातील सारा शृंगार कोलमडून पडला. टर्पिन आणि स्पार्क्स या दोघांच्या संबंधात विम्याच्या कथा प्रसिद्ध आहेत : टर्पिनचे डोळे सरळ झाल्यास नुकसानभरपाई, आणि स्पार्क्सला कोणी हसताना टिपल्यास नुकसानभरपाई. त्यांत जाहिरातबाजीच अधिक असली तरी एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते, ती ही की, नटाच्या चेहऱ्यावरील व्यंग अथवा निर्विकारता हे व्यवसायाचे भांडवल आहे, हे त्या धंद्याने ओळखले होते.

दामुअण्णांच्या ठायी या दोन्ही भांडवलांचा योग जुळून आला होता. त्यांचे डोळे तिरळे होते, आणि त्यांची मुद्रा गंभीर होती. टर्पिन आपला तिरळेपणा कसरतीसारखा वापरतो. प्रेक्षकाला तो जणू डोळ्यांचा खेळ दाखवितो. दामुअण्णांनी तो खेळ कधी मांडला नाही. त्यांचा माणूस समोरच्याकडे अत्यंत आदराने, लक्षपूर्वक, सर्व काही समजून घेण्याच्या प्रामाणिक इच्छेने पाहतो. आणि नेमक्या त्या क्षणी त्याची नजर दोन वाटांनी निघून जाते. ऐकणाऱ्याला कळत नाही की हा आपल्याकडे पाहतो आहे की आपल्या मागच्या भिंतीकडे, आणि या संभ्रमामुळे ऐकणाराच अधिक गोंधळतो. रंगमंचावर हा परिणाम पहिल्या काही ओळींपलीकडे पोहोचणे शक्य नव्हते. दिव्यांच्या उजेडात आणि मेकअपच्या थरात नटाची बुबुळे मागच्या प्रेक्षकाला दिसत नाहीत. कॅमेरा जवळ आला तेव्हाच त्या डोळ्यांना वाचा फुटली. नाटक मंडळ्या मोडल्याने ज्यांचे नुकसान झाले अशा नटांच्या यादीत दामुअण्णांचे नाव घालण्याचा मोह होतो. परंतु वस्तुतः त्यांची कला पडद्याचीच होती, आणि ती प्रकट होण्यास पडदा यावा लागला.

‘ब्रँडीची बाटली’ हा 1939 सालचा चित्रपट या कलेचे पहिले पूर्ण दर्शन घडवितो. मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळ अधिकारारूढ होते, दारूबंदीचा प्रश्न ऐरणीवर होता, आणि त्याच साली ऑगस्टच्या पहिल्या तारखेस मुंबई शहरात दारूबंदी जारीही झाली. सरकारी हुकूम, त्याभोवतीचा नैतिक गलबला, आणि त्या दोहोंच्या फटीतून वाट काढणारा सामान्य माणूस, या सामग्रीवर अत्र्यांसारख्या विनोदकाराची नजर न पडती तरच नवल. त्यांनी नायक निवडला तो म्युनिसिपालिटीतील एक भाबडा कारकून, बगाराम. ज्या मुलीवर त्याचा जीव जडला आहे तिच्या आजारी भावासाठी औषध म्हणून ब्रँडी हवी. ती मिळवून आणण्याचे काम तो पत्करतो, आणि ब्रँडी म्हणजे काय, ती कोठे मिळते, कोणाजवळ मागावी, यांपैकी कशाचाही पत्ता नसताना बाहेर पडतो.

या कथेत नायकाला चेष्टेखोर बनविणे किती सोपे होते! दारूच्या शोधात निघालेला सज्जन, एवढ्या कल्पनेवर कोणत्याही नटाने दोन तास वात्रटपणा केला असता. विनायकांनी ते काम दामुअण्णांना दिले आणि दामुअण्णांनी ते एखाद्या सरकारी कामगिरीप्रमाणे केले. बगारामच्या लेखी ब्रँडीची बाटली ही एक तातडीची बाब आहे, तिची तजवीज रीतसर व्हावी एवढीच त्याची इच्छा आहे, आणि ज्या जगात ही साधी तजवीज होत नाही ते जगच काहीतरी चुकले आहे असा प्रामाणिक अचंबा त्याच्या मुद्रेवर आहे. अत्र्यांचा उपहास दारूबंदीवर आहे, दारूबाजांवर आहे, सभ्यतेच्या सोंगावर आहे. पण त्या उपहासाला धार येते ती बगाराम कोणाचाही उपहास करीत नाही म्हणून. तो सर्वांवर विश्वास ठेवतो. त्याच्या या विश्वासासमोर ज्याने त्याने आपापले खोटे उघडे करावे, अशी ती रचना आहे. छेचाळीस वर्षांचा, तिरळा, कोणत्याही अर्थाने देखणा नसलेला नट चित्रपटाचा नायक व्हावा, आणि प्रेक्षकांनी त्याची प्रीतीही मनोभावे मान्य करावी, ही गोष्ट त्या काळच्या मराठी चित्रपटाच्या धैर्याविषयीही पुष्कळ सांगून जाते.

पुढला टप्पा चिमणरावाचा. चिंतामण विनायक जोशी हे बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक. त्यांनी ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ या पुस्तकाने मराठी मध्यमवर्गाला त्याचे स्वतःचे चित्र दाखविले. हंस पिक्चर्सचा डाव मोडून विनायक पुण्यास नवयुग चित्रपट कंपनीत आले, आणि तेथे 1940 साली ‘लग्न पहावं करून’ व 1942 साली ‘सरकारी पाहुणे’ हे चित्रपट निघाले. दोहोंत दामुअण्णा चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. एक किरकोळ, दुसरा धिप्पाड. एक सतत विचारात पडलेला, दुसरा विचार न करताच सोटा उचलणारा. लॉरेल आणि हार्डी यांच्या जोडीची आठवण येणे साहजिक आहे, परंतु ती फार ताणू नये. लॉरेल-हार्डी हे पुष्कळदा घरदार नसलेले फिरस्ते. चिमणरावामागे बायको काऊ आहे, मुले आहेत, आला-गेला आहे, वाड्याचे भाडे आहे. त्याची प्रत्येक फजिती कुटुंबासमक्ष होते.

या भूमिकेतील अडचण मोठी होती, आणि तिचा विचार फारसा झालेला दिसत नाही. पुस्तकातील चिमणराव आपली हकीकत स्वतः सांगतो. तो आपली फजिती पराक्रम म्हणून सांगत असतो. वाचकाला मात्र शब्दांच्या आडून खरा प्रकार दिसत राहतो, आणि सांगणाऱ्याच्या व समजणाऱ्याच्या मधल्या या अंतरात जोशींचा सारा विनोद वसतो. चित्रपटात निवेदक नसतो. चिमणराव पडद्यावर आला की प्रेक्षक त्याला बाहेरून पाहतो, आणि मग त्याच्या स्वतःविषयीच्या भ्रमाचे करावयाचे काय? दामुअण्णांनी ते सर्व निवेदन आपल्या चेहऱ्यावर घेतले. भोवती घोटाळा माजला असताना जो शांतपणा त्यांच्या मुद्रेवर असे, तोच चिमणरावाच्या निवेदनाची जागा भरून काढी : घडते आहे ते ठीकच आहे, आपण परिस्थिती उत्तम रीतीने हाताळीत आहोत, थोडी गैरसोय झाली एवढेच. ओठांवर एक रेषा जरी मिस्कीलपणाची उमटती, तरी चिमणराव नाहीसा होऊन त्या जागी चिमणरावाची नक्कल करणारा नट दिसला असता. साहित्यकृतीचे चित्रपटात रूपांतर करताना शब्दांचे काय झाले याचीच चर्चा आपण करतो; नटाच्या संयमाने एक संपूर्ण निवेदनपद्धती पडद्यावर आणल्याचे हे उदाहरण त्या चर्चेत यावयास हवे.

या कलेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. निर्विकार मुद्रेला भोवती हालचाल लागते. कीटनला आगगाडी लागते, स्पार्क्सला नाचणाऱ्या मुलींचा तांडा लागतो, दामुअण्णांना जोगांचा आडदांडपणा आणि विनायकांची चपळ मांडणी लागत असे. 1947 साली ऑगस्ट महिन्यात विनायकांचे अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी निधन झाले, आणि ज्या दिग्दर्शकाला या चेहऱ्याचे व्याकरण ठाऊक होते तो गेला. नायकाचे वय आणि रूप यांविषयीच्या धंद्याच्या अपेक्षाही पुढे आवळत गेल्या. चरित्रनटाला अवघा चित्रपट तोलण्यास देण्याचे धाडस क्वचितच कोणी केले. शिवाय तिरळेपणा हा हशाचा विषय व्हावा का, हा आजच्या वाचकाच्या मनात येणारा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भूमिकागणिक वेगळे द्यावे लागेल. जेथे लेखकाने डोळ्यांवरच कोटी केली तेथे विनोद हिणकस झाला. जेथे पात्राच्या सचोटीतून हसू फुटले तेथे डोळे हे केवळ त्या माणसाचे डोळे राहिले. प्रकरणवार चर्चेत हा भेद जागोजागी नोंदविला आहे.

1977 पासून मुंबई दूरदर्शनवर चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुन्हा अवतरले, तेव्हा दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव वेगळ्या मार्गाने उभा केला : आवाजाच्या चढउतारातून, लगबगीतून, अवघ्या अंगाच्या अवघडलेपणातून. त्या पिढीला तोच चिमणराव खरा वाटतो, आणि त्यात वावगे काही नाही. तुलना करावयाची ती श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्यासाठी नव्हे, तर एकाच पात्राकडे जाणाऱ्या दोन वाटा समजून घेण्यासाठी करावी. दुर्दैवाने पहिल्या वाटेचा पुरावा विरळ होत चालला आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेट घेते, कुजते, चिकटून बसते. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली स्थापन झाले, तोवर बोलपटाच्या पहिल्या तीन दशकांतील पुष्कळसा माल गेला होता. संगीतप्रधान चित्रपटांची गाणी तबकड्यांवर तरी उरतात. निर्विकार मुद्रा मात्र तबकडीवर उतरत नाही.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांस एक विनंती आहे. दामुअण्णांचे जे चित्रपट पाहावयास मिळतील ते पाहताना नजर त्यांच्यावरच खिळवू नये. त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या पात्राकडे पाहावे. बगारामशी बोलताना समोरचा मनुष्य आपला आवाज कोठे चढवितो, कोठे चाचरतो, कोठे आपल्याच वाक्याला लाजतो, हे पाहिले म्हणजे मधल्या त्या स्तब्ध चेहऱ्याने किती काम केले याचा अदमास लागेल. आपल्याकडे विनोदी नटाला बक्षीस मिळते ते हशाच्या मापाने, आणि गंभीर नटाला मिळते ते पात्राच्या खोलीच्या मापाने. पात्राला काय हवे आहे, ते मिळविण्यासाठी तो काय पत्करतो, आणि नट त्या इच्छेशी शेवटपर्यंत इमान राखतो की नाही, या गंभीर भूमिकेच्या कसोट्या विनोदी भूमिकेलाही तितक्याच काटेकोरपणे लावल्या जाव्यात, एवढेच या लेखनाचे म्हणणे आहे. बगाराम आणि चिमणराव त्या कसोट्यांना उतरतात असा माझा निष्कर्ष आहे. वाचकाने तो माझ्या शब्दावर न घेता पडद्यावर ताडून पाहावा.

माधवनगर